टोल्याची टोपली

१४ डिसेंबर १९५७
आज धर्मगोल्याचं धान घेतलं. चुरणी, म्हणजे मळणी, झाली की प्रत्येक घरानं आपल्या खुशीनं द्यायचं, आणि ज्या घरी चूल पेटत नाही त्यानं पुढे न्यायचं. बाळंतीण, आजारी, म्हातारं, कोणीही. यात सावकार नाही, सरकार नाही. नियम मी लिहिले. माझी शाळा चौथीपर्यंत. मास्तरांनी नियमांत शुद्धलेखनाची एक चूक काढली नाही. शोधली होती.

दवंडी आधीच दिली होती. उशिरा येईल त्याचं घेणार नाही. तारीख म्हणजे तारीख.

दारात बसून प्रत्येकाचं धान दाताखाली धरून पाहिलं. कोरडा दाणा कट् वाजतो, ओला चपटतो. धर्मगोल्याच्या तिसऱ्या साली कोणाच्या तरी ओल्या धानानं अख्खी ढोली, धानाची कणगी, बुरसली होती. गाव विसरलं, मी नाही.

शेवटी नाल्यापलीकडचा टोला, ती वेगळी छोटी वस्ती, आला. त्यांचा म्हातारा डोमाजी पुढे, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपली, वर पळसाची पानं झाकलेली. मागे बायामाणसं, जत्रेला निघाल्यासारखी. सगळ्या टोल्याची मिळून ती एकच टोपली. दाणा चावला. चपटला.
"डोमाभाऊ, ओलं आहे. वाळवून आणा."
मागून कोणी तरी म्हणालं, "चिखल आणला का गा डोमा?" हसले सगळे. मी नाही हसलो, हे इथे लिहून ठेवतो.
डोमाजीनं पानं पुन्हा नीट लावली. "हो जी," म्हणाला. गेला.

सौ. रात्री म्हणाली, एका टोपलीनं काय बुडत होतं?
एका टोपलीनंच बुडतं.

२९ डिसेंबर
टोला फिरकला नाही. आज बाजारात डोमाजी भेटला, दोरखंड विकत बसला होता.
"धान वाळलं का, भाऊ?"
"वाळलं जी."
"मग आणलं काऊन नाई?"
"ते नाल्यात सोडलं."
मला वाटलं चेष्टा करतो आहे. नाही. म्हणे, द्यायला काढलेलं वापस आलं तर ते घरातही घेत नाई, पुन्हा कोणाले देतही नाई. पाण्यात सोडतात. रीत आहे.
चांगलं धान! वाळवून, पाखडून, नाल्यात!
मी म्हणालो, अहो नाकारलं नव्हतं, फक्त वाळवायला सांगितलं होतं. तो दोरखंडाचा पीळ पाहत होता. "आमाले तेवढा फरक समजत नाई जी."
यात माझं काय चुकलं? नियम सर्वांना एक. पाटलाचंही पोतं मी गेल्या साली खडे आहेत म्हणून परत केलं होतं. त्यानं गडी पाठवून दुसरं दिलं. पाटलाकडे दुसरं होतं, हे खरं.

१९ जानेवारी
वडश्याहून कादरभाई बारदाना घेऊन आले. धानाचे व्यापारी, पण धर्मगोल्याला पोती दरवर्षी फुकट देतात. मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, नाटकासाठी थांबले, ओसरीवर जेवले. टोल्याचं सांगितलं.
"सेक्रेटरीसाब, देनेवाले का हात चावू नका."
"मी धान चावतो, हात नाही."
"ते तुमाले मालूम. त्याले काय मालूम?"
हसून गेले. व्यापारी माणूस, गोड बोलण्यावर चालतं त्यांचं. ढोली सांभाळायची तर गोड बोलून चालत नाही.

८ मार्च
टोल्याच्या बांध्या, धानाची शेतं, वरच्या अंगाला. पाऊस भादव्यातच गेला, तलावाचं पाणी तिथवर चढत नाही. तेव्हा त्यांना पिकलं ते एवढंसंच. आता घरोघर ढोल्या रिकाम्या, असं गुराखी सांगतो. त्या एवढ्याशातून ती टोपली

निरोप पाठवला : धर्मगोला उघडा आहे, दिलं नसलं तरी चालेल, नियमात तशी अट नाही.
कोणी आलं नाही.

२२ एप्रिल
डोमाजीची सून सगुणा सौ.कडे आली. पदरात मोहफुलं, बदल्यात मीठ मागत होती. अंगावर पितं लेकरू. सौ.नं पेज पुढे केली, तिनं हात लावला नाही. मीठ तेवढं घेतलं, आणि मोहफुलं कमी पडली असतील म्हणून आणखी एक मूठ ठेवून गेली.

जाता जाता सौ.शी बोलली. मी आत होतो, ऐकू आलं.
"कापल्या धानाची पांजर वाळूच नाई देली वो मामाजींनी. तुमच्याकडली तारीख आली ना. म्हने, पह्यल्या वर्साले बोलावलं आपल्याले, उशीर नाई झाला पायजे. ओल्यावरच बैल फिरवले."

टोल्याला दवंडी पहिल्यांदाच दिली होती. मीच म्हटलं होतं, तेही गावचेच.
तारीख मी ठरवली. तारीख तर लागतेच.


११ मे
आज स्वतः टोल्यावर गेलो. धर्मगोल्यातलं धानाचं एक पोतं बैलगाडीत घातलं, मीच शिवलेलं.
डोमाजीनं बाज टाकली, पाणी दिलं. बसलो. पोत्याकडे कोणी पाहिलं नाही.
"भाऊ, हे घ्या. लेकराबाळांसाठी."
"ज्या घरानं आमचं घेतलं नाई, त्या घरचं आमी कसं घ्याव जी? खाल्लं त पचन नाई."
"मग आता द्या. काहीही द्या, मी घेतो."
"आता का हाय? मोहा हाय." हसला. "मोहा घेता?"

नियम : फक्त धान. मोहात किडा लवकर होतो, ढोलीशेजारी ठेवता येत नाही. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, एका क्षणात. मग मी म्हणालो, घेतो.
पण तो क्षण त्यानं पाहिला.
"नको जी," म्हणाला. "तुमच्या धानाले किडे लागतीन." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच माझ्या ढोलीची काळजी वाटली.

पोतं त्याच्या कुडाशी टेकवून आलो. त्यानं अडवलं नाही. म्हातारा माणूस हात धरून कसा अडवणार.

१९ मे
टोला आलापल्लीकडे जंगलकामाला निघाला, अख्खा. गावातूनच गेले, दुसरा रस्ता नाही. आता पेरणीच्या तोंडावर कोणी जातं का? बियाणंच नाही, तर पेरणार काय.
डोमाजीनं रामराम केला. सगुणाच्या पाठीवर लेकरू होतं. रडत नव्हतं. सौ. म्हणाली, रडायला पाहिजे होतं.
मास्तर म्हणाले, "तुमच्या धर्मगोल्यात तर यंदा भरपूर शिल्लक आहे ना?"
आहे. एकही दाणा बुरसलेला नाही.

२ जून
सकाळी धर्मगोल्याकडे गेलो. दारात माझं पोतं.
केव्हा आणून ठेवलं ते कळलं नाही. निघायच्या आधीच असणार. मी इतके दिवस इकडे आलोच नव्हतो, येणार कोणासाठी. माझी शिवण तशीच, एक टाका उसवलेला नाही. खाली दगड मांडून त्यावर ठेवलं होतं. वर पळसाची पानं, एकावर एक, कडा खोचून, वाऱ्यानं उडू नयेत अशी. उपाशी माणसांनी एवढं ओझं नाल्यापलीकडून आणलं आणि ओल लागू नये म्हणून दगड शोधत बसली.

शिवणीतून एक दाणा काढला, चावला. कट्.

आत घ्यावं तर वापस आलेलं. ते घरात घेत नाहीत, कोणाला देत नाहीत, हे आता मलाही माहीत आहे. नाल्यात सोडावं तर इतकं चांगलं धान. आणि नाला अजून कोरडा.

सौ. विचारून गेली, पोतं आत घेतलं का.
आभाळ भरून आलं आहे. किल्ली खिशात आहे. पोतं दारातच