सातशे एमबीत मराठी

अण्णा, बसलं. आज दुपारी, वारणानगरजवळच्या आमच्या शाळेत, वर पाच एमबी शिल्लक ठेवून बसलं, आणि तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली. यातलं तुम्हाला ओ की ठो कळलं नसतं, पण हातातला छपाईचा खिळा खाली ठेवून तुम्ही ऐकलं असतंत, म्हणून सांगते.

मी इथे संगणक शिकवते. खोलीत बारा जुने संगणक आहेत, कुणीतरी कधीकाळी देणगीत दिलेले. नवं काही त्यांना झेपत नाही, पेनड्राइव्हवरून ते सुरू होत नाहीत, त्यांना फक्त सीडी कळते. हेडसर म्हणाले, शनिवारपर्यंत चालू झाले तर ठेवू, नाहीतर भंगारवाला येईल. मी छातीठोक सांगितलं, लिनक्स घालते. संगणक चालवणारी ही प्रणाली फुकट मिळते, त्यात हलकीही असते, आणि नको ते काढून आपली सीडी आपल्याला बनवता येते. अडचण एवढीच, की सीडीत सातशे एमबी मावतात आणि माझं गाठोडं भरलं सातशे एकसष्ट. सीडीसाठीसुद्धा राजारामपुरीत तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्याने माळ्यावरून धुळीचा डबा उतरवला आणि म्हणाला, आता सीडी कोण घेतंय ताई, लग्नाचं शूटिंगबी मोबाईलवर जातंय.

मग काढायला बसले. पडद्यावरची चित्रं गेली, पत्त्यांचे खेळ गेले, दुसरा ब्राउझर गेला. एकेक एमबी घसरताना काय मजा येते म्हणून सांगू! दोन दिवस मी जेवताना ताटात नाही, आकड्यांत बघत होते. सातशे चौदावर मात्र गाडं अडलं. काल हेडसर टेबलाशी आले, माझ्या यादीवर नजर टाकून म्हणाले, "मराठीच काढा की मॅडम. अक्षरं, भाषांतर, टायपिंग मिळून सोळा एमबी जात्यात. इंग्रजीत चाललं तर कुणाचं काय अडतंय?" हिशेब चोख होता. सातशेच्या आत, शनिवारच्या आत. मी मान डोलावली आणि त्याच क्षणी मला तुमचा छापखाना आठवला.

मी कॉलेजात आहे, सुट्टीत तुमच्याकडे खिळे जुळवायला शिकते आहे. लग्नपत्रिका आली आहे, कागद वीतभर आणि पाहुणे गावभर. तुम्ही चहाला गेलात आणि शेवटची ओळ काही केल्या बसेना, तेव्हा मी ती सरळ काढून टाकली. नवरदेवाची बिद्रीची विधवा आत्या होती तिथे. म्हातारीचं नाव कोण वाचतंय, असं मला वाटलं. तुम्ही परत आलात तेव्हा मशीन चालू होतं, शंभरेक पत्रिका निघाल्या होत्या. एक उचललीत, वाचलीत, मशीन थांबवलंत. एरवी तुमचा आवाज चौकापर्यंत जायचा. त्या दिवशी तुम्ही हळू बोललात, म्हणून अजून ऐकू येतं.

"येलबुट्टी गेली तर कुणी इचारत न्हाय. नाव गेलं तर माणूस मांडवात येत न्हाय."

मग तुम्ही चारी बाजूंची फुलांची चौकट काढलीत, ओळींमधल्या शिशाच्या पातळ पट्ट्या एकेक करून उपसल्यात, आणि आत्या बसली. मला तेव्हा रागच आला होता तुमचा. एका ओळीसाठी एवढा आटापिटा.

आज सकाळी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बाराही डब्यांची झाकणं उघडली. कुठला भाग कुठल्या बनावटीचा, ते वहीत लिहून घेतलं. आणि अण्णा, एकातही वायफाय नाही! जगभरच्या वायफायला लागणाऱ्या फाइली मात्र मी उराशी धरून बसले होते. त्या काढल्या आणि आकडा धाडकन सहाशे पंचाण्णववर आला. मी खुर्चीतून उठून नाचले. खरंच नाचले, या वयात.

सीडी घरघरली, पडदा काळा झाला, तसाच राहिला, माझा जीव टांगणीला, आणि मग अक्षरं आली. 'स्वागत आहे.' खाली 'पुढे'. सातवीचा वर्ग खिडकीत लोंबकळत होता. इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारी एक मुलगी आत घुसली, पडद्यावरची ओळन् ओळ खड्या आवाजात वाचली आणि म्हणाली, "मॅडम, ह्ये आपल्यासंगं बोलतंय की." मग सगळेच वाचायला लागले, नुसता गलका. हेडसर तो ऐकून आले आणि भंगारवाल्याला नको म्हणून फोन करायला गेले. मला इतका आनंद झाला की कुणाला सांगू असं झालं, आणि पहिले तुम्हीच आठवलात.

हे पत्र वहीतच राहणार, कुठे टाकणार ते. पण तुमच्यापाशी अर्धवट सांगून चालणार नाही. मराठी काढायचं हेडसरांना सुचलं नव्हतं. आता काय काय काढता येईल त्याची यादी मी केली होती. मराठी मी पहिल्या ओळीत लिहिली होती. त्यांनी ती ओळ फक्त मोठ्याने वाचली.