एकदाच दिलेलं

ईस्टरनंतरचा गुरुवार, दुपार

प्रिय दादा,

तुला, वहिनीला आणि मुलांना माझा मनापासून सलाम. तुझ्या पायांची सूज उतरल्याचं वहिनीने कळवलं. पाणी मोजून प्यावं लागतं म्हणून तुझी कुरकुर चालू आहे, हेही कळवलं. कुरकुर करतोयस म्हणजे बरा आहेस.

मी ठीक आहे. हॉटेलातली सुट्ट्यांची गर्दी ओसरली, त्यामुळे लॉन्ड्रीत चादरी कमी आल्या आणि आज लवकर सुटले. मी अजून इस्त्रीच्याच टेबलावर आहे. ऑपरेशननंतर ओल्या चादरींचे गठ्ठे उचलणं मला जमत नाही, ते आता नव्या बायका करतात. आमची सुपरवायझर म्हणते, "तुझ्या इस्त्रीच्या चादरीवर झोपायचं म्हणजे माणसाने आधी परवानगी मागावी." तिचं कौतुकसुद्धा टोमण्यासारखं येतं. पण मला आवडतं.

तुझ्या ईस्टरच्या उपदेशाबद्दल लिहायचं होतं. सगळ्यांना फार आवडला. पेटी वाजवणाऱ्या बाईंनी तर बाहेर येऊन माझा हात धरला. तू म्हणालास, प्रभूची कूस भाल्याने भोसकली गेली आणि त्यातून जगाला जीवन मिळालं, तशीच माझ्या बहिणीने माझ्यासाठी आपली कूस उघडली. मग मला उभं राहायला सांगितलंस. मी उभी राहिले. आजारी माणूस स्टुलावर बसून उपदेश करतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीने, आईनेही. माझ्या शेजारी आपली धाकटी बहीण बसली होती. तिने टाळी वाजवली नाही. ती माझ्या कमरेकडे बघत होती.

दादा, दुसऱ्या दिवसापासून माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. प्रभू उठला तेव्हा त्याच्या अंगावर व्रण होतेच. ते त्याने दाखवले, संशय घेणाऱ्या शिष्याला हात लावायलाही सांगितलं. पण दाखवले ते त्याने स्वतः. दुसऱ्या कुणी त्याचा सदरा वर केला नाही.

तू म्हणालास, ती आनंदाने पुढे आली. तुला खरंच तसं वाटतं का? की इतकी वर्षं बोलून बोलून आता ते तुला आठवायलाही लागलंय? मी पुढे आले नव्हते. मला आणलं होतं. मी आईकडे भांडी पुसत होते आणि आई पाठमोरी उभी राहून म्हणाली, "तुझ्यामागे कोण आहे? त्याच्या जिवावर चार तोंडं आहेत." इतकंच. तिने तोंड वळवून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तू बाहेरच्या खोलीत होतास. दार उघडं होतं.

दवाखान्यात किडनी देणाऱ्याला एकट्याला आत बोलावतात, हे तुला माहीत नसेल. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं आणि विचारलं, घरच्यांचा दबाव आहे का? नको असेल तर नुसतं सांगा, तपासण्यांत बसत नाही एवढंच आम्ही कळवू, कारण कुणाला कळणार नाही. दाराला काच होती. काचेतून आईची पर्स आणि तिच्यावर घट्ट धरलेले दोन हात दिसत होते. मी म्हणाले, माझी इच्छा आहे.

दरवर्षी तू शिकवतोस की पित्याने आपला पुत्र दिला. बरोबर आहे. पण क्रूसाच्या आदल्या रात्री त्या बागेत पुत्र तळमळला, हा प्याला टळू दे म्हणाला, आणि मग स्वतः उठून गेला. पित्याचं देणं आणि पुत्राचं देणं एक झालं, म्हणून ते तारण झालं, असं मला वाटतं. नुसतं पित्याने दिलं असतं तर त्याला काय म्हणायचं? मी उपदेशक नाही. पण आपल्या घरात नुसतं पहिलं देणं झालं. आईने मला दिलं.

आणि आणखी एक. तूच मला लहानपणी समजावलं होतंस, जुन्या काळी लोक पुन्हा पुन्हा बळी द्यायचे, प्रभूने एकदाच दिला आणि वेदी कायमची बंद झाली. यापुढे कुणाचंही रक्त लागणार नाही. ईस्टरचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे. मग तुला दिलेली माझी किडनी थकली, तुझं डायलिसिस सुरू झालं, आणि लगेच आपल्या घरात धाकटीच्या तपासण्या कशा सुरू झाल्या? तो उपदेश सगळ्या मंडळीसाठी नव्हता, दादा. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीसाठी होता. तू हे जाणूनबुजून केलंस असं मी म्हणत नाही. पण तुझा सूर मी ओळखते. आईचाच आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. इतका वेळ चादरी आणि सुपरवायझर करत बसले.

सोमवारी धाकटीबरोबर दवाखान्यात मी गेले होते. आईला मीच येऊ दिलं नाही. धाकटीला आत बोलावलं तेव्हा मी बाकावरून उठून जिन्याशी जाऊन उभी राहिले, काचेतून मी दिसायला नको म्हणून. ती बाहेर आली. रडलेली नव्हती.

"ताई, मी नको म्हणाले."

मी तिला जवळ घेतलं.

डॉक्टर तुला कळवतील की जुळत नाही. ते खरं नाही. सगळं जुळत होतं. धाकटीच म्हणाली, दादाला खोटं कळायला नको, मी स्वतः सांगेन. पण फोन हातात घेते आणि ठेवते. तिला विचारून मी हे लिहिते आहे.

रागावू नकोस असं मी म्हणणार नाही. रागाव. जीव तुझा आहे. पण तो राग व्यासपीठावर नेऊ नकोस आणि आईला तिच्याकडे पाठवू नकोस. आई आली तर दार मी उघडणार आहे. धाकटी सध्या माझ्याकडे राहते.

किडनीच्या प्रतीक्षा यादीत नाव घाल असं डॉक्टर म्हणत होते, ते घाल. वेळ लागेल. मशीनजवळ तासन्‌तास एकटं पडून राहावं लागतं असं वहिनी म्हणाली. मंगळवारी मला सुट्टी असते, मी येऊन बसेन. फक्त माझ्यासाठी प्रार्थना करू नकोस आणि माझे आभार मानू नकोस.

मला तू हवा आहेस, दादा. तेव्हाही हवा होतास. त्या दिवशी बाहेरच्या खोलीतून उठून आत आला असतास आणि मला विचारलं असतंस, तर मी हो म्हणाले असते का? मला माहीत नाही. आता ते तुलाही कळणार नाही आणि मलाही.

तुझी,
पाठची बहीण