डब्याचा फोटो

अव्वा, आज दुपारी जेवून जरा आडवी झाले आणि तू स्वयंपाकघरात दिसलीस. पाठमोरीच. चुलीपुढं बसून भाकरी थापत होतीस आणि धूर इतका की तुझे हातच तेवढे दिसत होते. शेजारी माझी लेक बसलेली. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, तुम्ही आजी-नात कधी भेटलाच नाहीत, पण स्वप्नाला एवढं कुठलं कळतंय. तू मागं न वळता तिला कानडीत विचारलंस, "ऊटा आतेनु?" जेवण झालं का, एवढंच. मी उंबऱ्यात उभी राहून तिला म्हणतेय, सांग की गं, सांग. तेवढ्यात जाग आली. ऊन भिंतीवरून उतरलं होतं आणि घरात कुणाचाच आवाज नव्हता.

कडक भाकरी तूच शिकवलीस मला. पहिली जाड झाली तर माझ्या हातातनं काढून घेतलीस. "जाड केलीस की मऊ ऱ्हातीय, मग बुरशी धरतीय. पातळ कर, नीट वाळीव, म्हंजी महिनाभर काय हुत न्हाय." तेव्हा तुझा राग आला होता, पण हात बसला. मैंदर्गीत माझ्या भाकरीचं नाव झालं. लेक सोलापूरला विद्यापीठात गेली तेव्हा दर रविवारी मी डबा भरून एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायची. कडक भाकरी, शेंगाची चटणी. संध्याकाळी मोबाईलवर तिचा फोटो यायचा. उघडा डबा, मागं तिचं हसू, खाली लिहिलेलं, 'मम्मीच्या हातचं'. आता असा फोटो एका वेळी सगळ्या जगाला दाखवता येतो, अव्वा, आणि लोक त्यावर लाल बदाम टाकतात. मी तो शेजारणींना दाखवायची. "पोरगी लई गुणाची हाय की तुमची," त्या म्हणायच्या. मला मूठभर मांस चढायचं आणि पुढच्या डब्यात भाकरी वाढायच्या.

दिवाळीनंतर नात्यातल्या वास्तुशांतीसाठी सोलापूरला गेले, तिथून न कळवता तिच्या खोलीवर. भर दुपारी खिडकीवर चादर टांगलेली. ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे, केस कधीपासून विंचरलेले नाहीत, मोबाईलचा उजेड तेवढा गालावर. "अगं मम्मी, तू कशी काय?" म्हणून हसली. फोटोतलंच हसू, पण लगेच विरलं. तिला पाणी द्यावं म्हणून तांब्या शोधायला खाटेखाली वाकले, तर पिशव्याच पिशव्या. सगळ्यांत माझ्या भाकरी, अख्ख्या. दुसरं काही असतं तर वास सुटला असता, खोलीतल्या दुसऱ्या मुलीला तरी कळलं असतं. माझ्या भाकरीला मात्र काही झालं नव्हतं. मला माझ्याच हातांचा संताप आला.

"भूकच न्हाय लागायची," ती म्हणाली. "फोटो टाकला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग बाकीच्यांचं बघत पडायची. कुणाला नोकरी लागली, कुणी फिरायला गेलंय. सगळ्यांचं चाललंय की मम्मी, माझंच काय होईना. कधी कधी वाटतं, उद्या उठूच नये." मी तिथंच फरशीवर बसले. किती वेळ बसले ते आठवत नाही, तिचा पाय हातात धरून बसले होते एवढं आठवतं.

डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. हे म्हणाले, "मोबाईल फोडूनच टाकतो." डॉक्टर म्हणाले, मोबाईल कमी करू, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका, औषध चालू ठेवा, तिला एकटं सोडू नका. मला तू आठवलीस. शेवटच्या वर्षी तूही अशीच भिंतीकडे तोंड करून पडायचीस. तेव्हा कुठं होता मोबाईल? आम्ही म्हणायचो, थकलीय. त्याला दुसरं नावच आमच्याकडं नव्हतं.

आता ती घरी आहे. पाण्यातून चालावं तशी सावकाश घरभर फिरते. एखाद्या दिवशी दुधात भाकरी कुस्करून खाते, एखाद्या दिवशी ताट तसंच राहतं. "आज बरं न्हाय," असं मात्र आता सरळ सांगते. ते ऐकलं की भीतीही वाटते आणि बरंही वाटतं, दोन्ही एकदमच. हे सगळं तुला कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते ठाऊक नाही, तरी लिहितेय, कारण इथं दुसऱ्या कुणाला हे सांगवत नाही.

काल मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. ती म्हणाली, "मम्मी, मी परत पहिल्यासारखी होईन का गं?" मी म्हटलं, "व्हय की, का न्हाय होणार." आणि खरं सांगते अव्वा, पहिल्यासारखी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं आली ती फोटोतलीच मुलगी, भाकरी खाटेखाली सारून हसणारी.