वायसर तुमच्या बागेच्या कामाचा नाही

विक्रोळी, मंगळवार

तीर्थरूप धोंडूमामांच्या पायांवर सहदेवचं डोकं.

इथे आम्ही दोघंही धडधाकट. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला असेल तर त्याचं श्रेय सुगंधाने पाठवलेल्या काढ्याच्या पुडीला द्यावं. गेला नसेल तर ती पुडी मी फक्त टपालात टाकली होती, हे लक्षात असू द्यावं. तुमचं पत्र पोचलं. काजूच्या बागेत माकडांनी उच्छाद मांडलाय, सहदेव मुंबईत कुत्री वाटतो असं तुमच्या कानावर आलंय, तर राखणीला एक दांडगा कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर एस.टी.ने पाठवून दे, असं तुम्ही लिहिलंत. मामा, तुमचा शब्द मी आजवर खाली पडू दिला नाही (लग्नसुद्धा तुम्ही म्हणालात तिथेच केलं, हे वाक्य मामीला वाचून दाखवू नये). सध्या घरात एकच कुत्रा शिल्लक आहे. त्याचं नाव वायसर. तो तुमच्या कामाचा का नाही, हे नीट पटावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कुत्री मी वाटत नाही. तो उद्योग तुमच्या सुनेचा, सुगंधाचा. रस्त्यावर कोणी टाकून दिलेलं, लंगडणारं, खरजेनं भरलेलं कुत्रं दिसलं की ती घरी आणते, करंजाच्या तेलात गंधक कालवून त्याला चोळते (त्या वासाने आमच्याकडे पाहुणे येणं बंद झालं, हा एक फायदा), आणि केस परत आले की त्याला स्थळ बघायला लागते. स्थळ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ती आधी जाऊन घर बघून येते. दारात सावली आहे का, दुपारचा भात कोण घालणार, घरातला माणूस पिऊन हात उगारतो का, हे सगळं शेजारणीकडे विचारून घेते. चेंबूरच्या एका घराला तिने नकार दिला, कारण त्या बाईने कुत्र्याचं नाव न विचारता आधी जात विचारली, अल्सेशियन की पॉमेरियन. आतापर्यंत तिने घाटकोपरच्या एका शिंप्याकडे एक आणि मुलुंडला झाडांची रोपं विकणाऱ्याकडे दोन अशी कुत्री उजवली आहेत, आणि प्रत्येक पाठवणीच्या वेळी डोळे पुसत घरी आली आहे. माझा या सगळ्याशी संबंध पिशव्या उचलण्यापुरता. मला कुत्र्यांची आवड नाही, हे तुम्ही लहानपणापासून जाणता.

आता वायसर. आमच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत नट, बोल्ट आणि नटाखालच्या चकत्या, म्हणजे वायसर, करणारं एक वर्कशॉप होतं. त्याला टाळं लागलं. मालकाने यंत्रं नेली, छपराचे पत्रे नेले, दारावरची पाटीसुद्धा नेली. फाटकाला बांधलेला कुत्रा तेवढा न्यायचा राहिला. मी तिथून सहज जात होतो (ती गल्ली पुढे कुठेच जात नाही, तरी जात होतो) आणि डब्यातली भाकरी त्या दिवशी सहज उरली होती. साखळी मानेत इतकी रुतली होती की ती कापायला मला कारखान्यातून करवत आणावी लागली. त्यानं चावायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मामा, जनावर इतकं गप्प असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. घरी नेला तो अर्थात सुगंधासाठी. तिला बरं वाटतं म्हणून.

जखम भरली, खरूज गेली, अंगावर छान तांबूस केस आले, पण तोंडातून आवाज नाही. मांजर नाकासमोरून गेलं तरी गप्प, बोहारीण आली तरी गप्प. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, गळा ठणठणीत आहे, भीती बसली आहे. चाळीला मात्र असा कुत्रा फार पसंत पडला. आमच्या कमिटीचा नियम असा की चाळीत कुत्रा पाळायचा नाही. सुगंधाचं म्हणणं, आम्ही पाळत नाही, उजवेपर्यंत ठेवून घेतो. राजारामभाऊ म्हणजे आमचे सेक्रेटरी, सावंतवाडीकडचे, माणूस कडक पण मनाचा वाईट नाही. मुक्याचा काय त्रास, म्हणून त्यांनी काणाडोळा केला.

मग आली चाळीची वार्षिक पूजा. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान माझा, कारण तुमच्यासारख्या गाऱ्हाण्याच्या राजाचा मी भाचा, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. नारळ ठेवला, तुमच्यासारखा आवाज काढला आणि सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केली ती गोड मानून घे रे म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. असं चार-पाच वेळा झालं. मग मी म्हटलं, ह्या चाळीत कोणाचा कोणाक त्रास होऊ नये रे म्हाराजा. आणि व्हय म्हाराजा म्हणायला लोकांनी तोंड उघडायच्या आत गॅलरीच्या टोकाला बसलेला वायसर भुंकला. एकदाच, पण खणखणीत. सुगंधाने हातातलं तीर्थाचं भांडं खाली ठेवलं आणि पदराने डोळे टिपले. राजारामभाऊ मात्र माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच भुंकलो.

इथून माझं चुकत गेलं. डॉक्टर म्हणाला होता की कुत्र्याचा आवाज एकदा फुटला की त्याला सवय ठेवा. वायसर तर म्हाराजा ऐकल्याशिवाय भुंकेना. तेव्हा पहिल्या पाळीला निघण्याआधी मी रोज गॅलरीत उभा राहून एक लहानसं गाऱ्हाणं घालायला लागलो. मामा, तुम्हाला सांगायला नको, आपल्या माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की ते वाऱ्यावर सोडवत नाही. त्यामुळे मी म्हाराजा म्हटलं की वायसर भुंकायचा आणि मागोमाग बंद खोल्यांतून, नळावरून, संडासाच्या रांगेतून जो तो व्हय म्हाराजा म्हणायचा. झोपेत असलेलेसुद्धा म्हणायचे. चाळ मला शिव्या घालायची, पण आधी व्हय म्हणायची आणि मग शिव्या घालायची. वायसर दिवसेंदिवस खुलत गेला. शेपटी वर गेली, मांजरामागे धावायला लागला. मलाही जोर चढला आणि एका सकाळी मी म्हणून गेलो, राजारामभाऊंच्या मनातलो राग निवळू दे आणि ह्या मुक्या जिवाक हयसर थारो मिळू दे रे म्हाराजा. राजारामभाऊ तेव्हा तोंडात ब्रश धरून समोरच उभे होते. वायसर भुंकला आणि त्याच्यापाठोपाठ पेस्टच्या फेसासकट राजारामभाऊंच्या तोंडून निघालं, व्हय म्हाराजा. सगळी गॅलरी हसली. त्या माणसाचा असा अपमान आजवर कोणी केला नसेल.

संध्याकाळी ते दारात आले आणि म्हणाले, "सहदेवा, कुत्र्याची वाट लाव, नायतर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मीटिंगमध्ये ठराव घालून म्युन्सिपालटीची गाडी बोलावतो." ती गाडी ज्यांना नेते ते परत येत नाहीत, हे चाळीतल्या पोरांनाही माहीत आहे. सुगंधा त्या रात्री जेवली नाही (मीही जेवलो नाही, पण माझं पोट बिघडलं होतं).

म्हणून घाईघाईने स्थळ शोधलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तुळशीदासचा मेहुणा बळवंत मढला एक बंगला सांभाळतो. मालक परदेशात आणि बंगला सिनेमाच्या शूटिंगला भाड्याने जातो. राखणीला कुत्रा हवाच होता. आम्ही वर्सोव्याहून होडीतून वायसरला पलीकडे नेलं. होडीत म्हावऱ्याच्या टोपल्या होत्या, तरी त्यानं कशाला तोंड लावलं नाही, माझ्या दोन पायांमध्ये बसून राहिला. बळवंतचं घर सुगंधाला पसंत पडलं, दारात सावली होती. आम्ही त्याला सोडून आलो.

दोन दिवसांनी मी त्या बाजूला गेलो होतो, तर म्हटलं सहज चौकशी करावी. बंगल्यात दरबार लागला होता. राजेमहाराजांचा सिनेमा. सिंहासनावर मिशीवाला राजा, समोर सरदारांची रांग, आणि एकेक सरदार पुढे येऊन मुजरा करून म्हणायचा, महाराज. त्यांचा महाराज आणि आपला म्हाराजा यातला फरक वायसरला कोण सांगणार? पहिला सरदार महाराज म्हणाला, वायसर भुंकला. दुसरा म्हणाला, वायसर भुंकला. प्रधानजींचं तर लांबलचक भाषण होतं आणि त्यात दर वाक्याला महाराज होता. शेवटी राजाच हसत सिंहासनावरून उतरला. आता अशा ठिकाणी कुत्रा ठेवणार तरी कोण? मला तो परत आणावा लागला. नाइलाज होता.

तर मामा, असा हा कुत्रा. हा माकडांवर भुंकणार नाही. त्याला भुंकवायचं तर तुम्हाला काजूच्या झाडाखाली उभं राहून माकडांना म्हाराजा म्हणावं लागेल, आणि तुमच्या वयाला, मानाला ते शोभणार नाही. शिवाय त्याला भात लागतो, सुकटीची चटणी लागते आणि एकटं ठेवलं की तो खिन्न होतो. तुम्हाला गावातलाच एखादा तिखट कुत्रा बघावा हे उत्तम. मामीला साष्टांग नमस्कार, गुडघ्याला जपावं.

तुमचा आज्ञाधारक
सहदेव

ता.क. एक लहानसं काम आहे. राजारामभाऊ आता एवढ्यावर आलेत की कुत्र्याचा खरा मालक दुसरीकडे आहे, असं त्या मालकाच्या हातचं काही दाखवलं, तर तो घेऊन जाईपर्यंत कुत्रा इथे राहिला तरी चालेल. तरी एका कार्डावर लिहावं की वायसर हा माझा कुत्रा आहे, भाच्याकडे ठेवला आहे, सवडीने येऊन नेईन. आणि कृपा करून कधी नेऊ नये.

ता.क. मामांनू, मी सुगंधा. हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे देऊन गेले, म्हणून वाचलं. मढहून कसलीही तक्रार आली नव्हती. सिनेमावाले तर पोट धरून हसले, बळवंतभाऊ ठेवतो ठेवतो म्हणत होते. ह्यांनीच ऐकलं नाही. सहज चौकशीला गेलेला माणूस बरोबर पट्टा आणि भाताचा डबा घेऊन गेला होता. त्याआधीचे दोन दिवस कामावरून येऊन गॅलरीच्या त्या टोकाला बसायचे आणि विचारलं तर गरम होतंय म्हणायचे. कार्ड मीटिंगच्या रविवारच्या आत पोचेल असं टाका. आणि देवळात गाऱ्हाणं घालाल तेव्हा आमच्यासाठी दोन शब्द जास्त घाला. इथून व्हय म्हाराजा म्हणायला आता आम्ही तिघं आहोत.