पडदा काळा झाला तेव्हा

प्रिय छोट्या,

तुझे माफीचे मेसेज येतात आणि मी एकालाही धड उत्तर देत नाही, तेव्हा ताईने अबोला धरलाय असं तू समजून बसला असशील. अरे वेड्या, माझी नवीकोरी सायकल तू नाल्यात घातलीस तेव्हाही माझा अबोला संध्याकाळपर्यंतच टिकला होता. राग मुळीच नाही. आज सवड काढून सगळं लिहिते. वाचून झालं की फाडून टाक.

त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या शिक्षिकाबाई स्वतःची खुर्ची घेऊन आल्या होत्या आणि सासूबाई टीव्हीला इतक्या खेटून बसल्या होत्या की लेकीला त्यांच्या खांद्यावरून डोकवावं लागत होतं. पडद्यावर तो अजस्र फुगा सकाळपासून आकाशात वर चढत होता. अखेर त्याखाली टांगलेल्या कुपीचं दार उघडलं. भरदिवसा काळंभोर आकाश, खाली पृथ्वीची निळी कड, आणि पायरीवर तुझ्या भाऊजींचे जाडजूड बूट. एवढ्या उंचीवरून आजवर कुणी उडी मारली नव्हती. शिक्षिकाबाई म्हणाल्या, अहो, पण परत येणार कसे हे? सासूबाई त्यांच्यावर खेकसल्या, शुभ बोला हो जरा! मी हसले. अशा वेळी बायकोने हसत राहायचं असतं, ते मला आता सवयीने जमतं.

त्याने उडी मारली. थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग तो पांढरा ठिपका गरगर फिरायला लागला आणि पडदा काळा झाला. बाकीच्यांना वाटलं, काहीतरी बिघाड झाला. मला तसं वाटणं शक्यच नव्हतं. कंट्रोल रूममध्ये बटणापाशी तू बसला होतास. चित्र आमच्यापर्यंत मुद्दाम काही सेकंद उशिरा सोडतात, हे तूच मला समजावलं होतंस, आणि मीच तुला गळ घातली होती की काही विपरीत दिसलं तर ते घरी पोचू देऊ नकोस, लेक बघत असेल. तेव्हा काळ्या पडद्याचा माझ्यापुरता एकच अर्थ होता. हा गेला.

तू दिलेला शब्द पाळलास. आता हा सावरत नाही, असं तिथल्या सगळ्यांनाच वाटलं होतं. पण तो सावरला, तू चित्र परत आणलंस, आणि आम्हाला एकदम उघडलेलं पॅराशूटच दिसलं. मधल्या तेवढ्या वेळात आपण ताईला नरकयातना दिल्या, असं तू धरून बसला आहेस. तेवढा वेळ माझे हाल झाले, असं सासूबाईही म्हणतात.

छोट्या, पडदा काळा झाला आणि मला हायसं वाटलं.

लग्न झाल्यापासून फोन वाजला की याची वाईट बातमीच असणार, असं धरून मी तो उचलते. आता तसा फोन यायचा राहिला नव्हता. सुटले एकदाची, असं मनात आलं. आणि ऐक, माझी नजर कोपऱ्यातल्या त्याच्या सामानाच्या कपाटाकडे गेली. हे हलवलं की इथे लेकीचं अभ्यासाचं टेबल बरोबर बसेल, असं मी ठरवूनही टाकलं! नवरा मेला असं समजून चाललेली बाई, आणि हिचं लक्ष कुठे, तर टेबलाकडे. सासूबाई माझा हात गच्च धरून बसल्या होत्या. मी त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तेव्हापासून त्या येईल त्याला सांगत सुटल्या आहेत, आमची सून म्हणजे धीराची हो! ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मला तो नकोसा झालाय असं समजू नकोस. दाढी करताना तो शिट्टी वाजवतो, ती ऐकायला मी अजूनही हातातलं काम मंद करते. तो सुखरूप उतरला तेव्हा मी रडले, तो आनंद खराच होता. फक्त त्याच्या आधी, अगदी पुसट, मनात येऊन गेलं की आता पुन्हा पहिल्यापासून सगळं.

काल तो माझ्यासमोर येऊन बसला. याहूनही उंचावरच्या उडीची तयारी सुरू होतेय, आणि ती उडी त्याने सोडायची ठरवली आहे. का, तर काळ्या पडद्यासमोर मी जे सोसलं ते मला पुन्हा सोसायला लावणार नाही, म्हणाला. त्याने मला जवळ घेतलं आणि मी घेऊ दिलं. इतकी वर्षं मला हेच हवं होतं रे, आणि मिळतंय ते मी न सोसलेल्या दुःखापायी. आज दुपारी तो नकार कळवायला निघेल. त्याआधी त्याला खरं सांगायलाच हवं. मग तो उडी मारेल, किंवा मला सोडूनही जाईल. सकाळपासून दोनदा त्याच्यासमोर तोंड उघडलं आणि चहा हवा का, एवढंच विचारून परत आले. म्हणून आधी तुला लिहिलं. हे माझ्याकडून कुणालाही सांगून होतं का, तेच बघायचं होतं. झालं सांगून. लेक शाळेत गेली आहे, सासूबाई शेजारी आहेत, तो आतल्या खोलीत कपडे करतोय. पाकीट चिकटवते आणि आत जाते.

तुझीच, धीराची म्हणून उगीच गाजलेली,
ताई