हात ज्याचा त्याचा

३ मार्च
सुनेने फोनमध्ये डायरीची सोय करून दिली. मी बोलायचं, त्यानं लिहायचं. मला वाचता येत नाही, म्हणजे गुपित माझ्यापासूनसुद्धा जपलेलं राहील. पहिला निश्चय: समोरच्या दुकानाकडे बघायचं नाही. समोरची आणि मी एकाच मास्तरांकडे कोटाची काजं करायला शिकलो. आता तिच्या बोर्डाला दिवे आहेत. असोत बापडे. माझं मन साफ आहे.

४ मार्च, सकाळ
खुर्ची खिडकीकडे वळवली. उजेडासाठी. समोर गर्दी होती. मी मोजली नाही. चहाला उठले नाही, तरी मोजली नाही.

७ मार्च
नाटक कंपनीचे मॅनेजर आले. नव्या नाटकाच्या सगळ्या कोटांना हातानं काजं हवीत. सॅम्पल मागितलं. मग रस्ता ओलांडून तिच्याकडेही गेले. हे काम मिळालं नाही तर गाळा भाड्याने देऊ, असं मुलगा म्हणतो. मिळणारच आहे, मग कशाला वाद घालू?

८ मार्च
सॅम्पलला बसले. दोरा सुईत जाईना. सुया हल्ली वाईट येतात. झालेलं काज सुनेला दाखवलं. म्हणाली, छान आहे आई, पण डोळा मारल्यासारखं का दिसतंय? कापडही वाईट.

९ मार्च
नशीब उघडलं. एक गिऱ्हाईक वडिलांचा जुना कोट अस्तर बदलायला टाकून गेलं. काजं बघून ऊर भरून आला. मुंग्यांची रांग लागावी तसे टाके. असं काम एकीलाच जमतं, म्हणजे ते माझंच. केल्याचं आठवत नाही, पण एवढ्या कामात कुठलं कुठलं आठवणार? सून म्हणाली, समोरच्या मावशींचं असेल. सुनेला कामातलं कळत नाही. स्वभावाने बरी आहे.

१० मार्च
गिऱ्हाइकाला विचारून कोटच सॅम्पल म्हणून पाठवला.

११ मार्च
मॅनेजर खूश. हाच हात हवा, म्हणाले. मी विनयाने मान खाली घातली. मग समोरचीला हाक मारून सांगितलं, वाईट वाटून घेऊ नकोस, हात ज्याचा त्याचा.

१४ मार्च
ऑर्डर देण्याआधी खात्री म्हणून मॅनेजरांनी दोघींना बोलावून आपल्या डोळ्यांदेखत एकेक काज करायला लावलं. समोरचीने टेबलावरचा माझा सॅम्पलचा कोट उचलला, काजावरून अंगठा फिरवला. "अगं, हा तर मी लग्नाआधी केलेला. टाके उलट्या अंगाने गेलेत बघ. मी डावरी ना."
मी म्हटलं, तेव्हा मीसुद्धा अधूनमधून डाव्या हाताने करायचे. मॅनेजर म्हणाले, दाखवा करून.
बोटाला पट्टी आहे. आज जास्त बोलत नाही.

१५ मार्च
ऑर्डर तिला. मॅनेजरांनी माझे आभार मानले, एवढा चांगला हात शोधून दिल्याबद्दल. मला काही वाटलं नाही. जेवले नाही, कारण भूक नव्हती. मुलगा भाडेकरू बघतोय.

१८ मार्च
समोरची दारात, कोटांचा गठ्ठा घेऊन. म्हणाली, "एवढं मला एकटीला झेपायचं नाही. काजं मी करते, बटणं तू लाव." तिची कीव आली. एवढं नाव, आणि बटणांसाठी माझी पायरी चढावी लागली. तिच्यासाठी हो म्हटलं. मुलाला बजावलं, गाळा रिकामा नाही, मोठी ऑर्डर आहे.
बटणं लावता लावता एक लक्षात आलं. कोट बंद केला की काज झाकलं जातं. वर दिसतं ते बटणच. म्हणजे लोक बघणार ते माझं काम. सुनेला मुद्दाम हाक मारून सांगितलं.
ती म्हणाली, "आई, नाटकात सगळे कोट उघडेच घालणार आहेत. काजं दिसावीत म्हणून तर हातानं हवी होती."