घटातला पाइनचा शंकू

येडशी. घटस्थापना, १९८१

आज वर्गात पाइनचं झाड शिकवलं. पानं सुईसारखी, म्हणून पाणी कमी उडतं आणि वर्षभर अन्न तयार होत राहतं. पराग वारा नेतो, बी मादी शंकूच्या खवल्यावर उघडंच वाढतं. शिकवताना सारखी आईच आठवत होती.

बहात्तरच्या दुष्काळात भाऊ फौजेतून रजेवर आला, तेव्हा हिमालयातून पाइनचा एक शंकू घेऊन आला होता. आईनं तो बियाण्यासारखा राखेत घोळून ठेवला आणि नवरात्रात थेट घटाच्या मातीत रोवला! प्यायला पाणी नव्हतं, तरी घटाला रोज ओंजळभर. सकाळी बघते तर सगळे खवले मिटलेले.

"जित्तं हाय गं," आई म्हणाली. "पानी पिऊन झोपलंय."

ओल लागली की शंकू मिटतोच. बी कोरड्या वाऱ्यावर लांब जावं म्हणून. पण त्यातलं बी तर तिकडं डोंगरातच उडून गेलेलं.

आई गेल्यापासून शंकू माझ्याकडंच आहे. दुपारी घटात ठेवला, पाणी घातलं. आत्ता बघितलं, मिटलाय. आत काही नाही, तरी किती घट्ट.

भाऊ आणि मी नोकरीला बाहेर पडल्यावरही आई रोज रात्री आमची अंथरुणं घालायची म्हणे. शेजारीण सांगत होती.